खुंटीवरची बंडी आणि केळ्याचा वास

सकाळी दत्ताचा फोन आला. दत्ता म्हणजे माझ्या भावाचा, महादूदादाचा मुलगा. "आत्या, आप्पा गेले गं..." एवढंच म्हणाला. मी भोरच्या घरात चहाचं आधण ठेवलं होतं. गॅस बंद केला, खाली बसले, आणि खोटं कशाला सांगू, मला आधी हसूच आलं. कारण डोळ्यांपुढं उभा राहिला तो म्हातारा, खोकणारा दादा नव्हताच. पासलीच्या परसात उघड्या अंगानं, ओलं धोतर सावरत, बोंबलत माझ्याकडं धावत येणारा जवान महादूदादा होता तो! रडू आलं ते नंतर, एसटीत, वेल्हं मागं पडून डोंगर अंगावर यायला लागले तेव्हा. त्याला आता महिना उलटून गेला. तरी अजून काही गोड केलं की वाटतं, दादासाठी डब्यात काढून ठेवावं...

साठ-पासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. आमची पासलीला भाताची खाचरं होती आणि घरामागं, फणसाच्या सावलीत, आबांच्या मधाच्या पेट्या. सरकारी माणसांनी दिलेल्या. गावात बऱ्याच जणांनी घेतल्या आणि कंटाळून सोडल्या, पण आबा, आमचे वडील, त्या पेट्यांना देवघरासारखं जपायचे. आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून, मगच पेटीला हात. माश्या सातेरी जातीच्या, गरीब स्वभावाच्या. आबांच्या उघड्या हातावर चालायच्या आणि हे आपले त्यांच्याशी गप्पा मारत बसायचे. आम्हां पोरांशी एवढं कधी बोलले नसतील! त्यांचं एकच म्हणणं होतं, माशीला माणूस कळतो. माणूस वाकड्या वाटेला लागला की माशी त्याला जवळ येऊ देत नाही.

वर्षभर पुरेल एवढं भात काही पिकायचं नाही, म्हणून दादा भोरला कामाला लागला. एका शेटजींचा कारखाना होता. कारखाना कसला, मोठी खोलीच. तिथं गोळ्या, गारीगार, रंगीत सरबत बनायचं. दादाकडं काम इसेन्सचं. तपकिरी बाटलीतलं ते पाणी पाकात थेंबभर टाकलं की सगळ्या खोलीत केळीचा घड पिकल्यासारखा घमघमाट. आणि दादाला सवय अशी घाणेरडी, की बोटं पुसायची ती सदऱ्याला. त्यामुळं सुट्टीला घरी आला की त्याच्या आधी त्याचा वास ओसरीवर यायचा. मला तो लई आवडायचा. त्याचा सदरा मी नाकाला लावून बसायची आणि दादा म्हणायचा, "सुमे, खाऊन टाक एकदाचा!"

पण आबांना तो वास निराळाच लागला. आमचे थोरले चुलते दारूपायी गेले होते. हातभट्टीची, सडक्या फळांची. तसला कुठलाही आंबूस-गोड वास आला की आबांच्या कपाळावरची शीर ताडकन उठायची. त्यात दादा पेट्यांपाशी गेला की माश्या खवळायच्या. ज्या पेट्या त्यानं लहानपणापासून सांभाळल्या, त्याच त्याच्या तोंडावर धावून यायला लागल्या. एकदा डोळा सुजला, एकदा ओठ. आबांनी एकदाच विचारलं, "पितोस का रं?" दादा म्हणाला, "आबा, तुमच्या गळ्याची शपत, म्या थेंब घेत न्हाई. इसेनचा वास हाय त्यो." आबा म्हणाले, "वासाचं मी ऐकीन. माशीचं काय? ती कशापायी खोटं सांगंल?" आणि त्या दिवसापासून दादाला पेट्यांकडं जायची बंदी. बोलणंही तुटल्यात जमा.

त्यातच गुंजवण्याचं स्थळ आलं होतं. मुलगी दादानं जत्रेत पाहिलेली, त्याच्या मनात भरलेली. आबा आईला म्हणाले, "माझ्या तोंडानं मी पोरगा निर्मळ हाय म्हनून कसं सांगू? लोकाच्या लेकीचं वाटूळं न्हाई करायचं मला." दाराआड उभा असलेल्या दादानं ते ऐकलं. एवढा धिप्पाड गडी, पण तिथंच खाली बसला. माझा आबांवरचा त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही... आणि आबांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. भाऊ गमावलेला माणूस.

पुढच्या खेपेला दादा आला तो एकदम खुशीत. मला परसात बोलावून सदऱ्याच्या खिशातून इवलीशी बाटली काढली. "माशीला काय आवडतं? फूल, फळ, गोड. मग हे का न्हाई आवडणार? आज बघ, आबांच्या डोळ्यांदेखत माझ्या हातावर बसत्याल." आणि त्या येड्यानं सदऱ्यावर चांगला शिंतोडा मारला की हो! सदरा दोरीवर टाकला आणि आंघोळीला गेला. मला तरी कुठली अक्कल? आबा पेट्यांपाशी बसलेले, आईनं माझ्या हातात त्यांचा चहा दिला. ऊन मरणाचं. दोरीवरचा सदरा ओढला, डोक्यावर घेतला आणि निघाले. रोजची वाट, रोजच्या माश्या.

फणसापाशी पोचले मात्र... आधी एक आली, मग जो काय लोट उठला! कप फुटला, मी किंचाळले. दादा अर्ध्या आंघोळीतून तसाच धावला. माझ्या डोक्यावरचा सदरा ओढून त्यानं लांब गवतात भिरकावला, आणि माश्या आम्हां दोघांना सोडून त्या सदऱ्यावर तुटून पडल्या. दादा तिथंच उघडा उभा, अंगावरून पाणी निथळतंय आणि त्याच्याकडं एकही ढुंकून बघेना. आबा उठून उभे राहिलेले. माझं तोंड सुजत चाललं होतं, पण जीभ शाबूत होती. मी ओरडले, "आबा, आता बोला की! म्या बी पिती का?"

आबा माझ्यापाशी आले. माझ्या मानेतले काटे नखानं काढले, गूळ लावला. मग गवतातल्या सदऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले. पेट्या तपासायला येणाऱ्या साहेबांनी नंतर सांगितलं, की माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून असाच केळ्याचा वास सुटतो. बाकीच्यांना ती हाक असते, धावा, वैरी आला. म्हणजे माझा दादा बिचारा अंगभर वैऱ्याची खूण घेऊन प्रेमानं त्यांच्याकडं जात होता.

दादा पुढच्या वेळी आला तेव्हा आबांनी स्वतः पाणी तापवलं होतं. ओसरीतल्या खुंटीवर त्यांची धुतलेली बंडी टांगलेली. म्हणाले, "आदी आंगूळ कर, ही बंडी घाल, मग ये पेट्यांकडं." माफीबिफी काही नाही. पण दादा न्हाणीत तोंडावर पाणी मारत किती वेळ होता, ते मला माहीत आहे. त्याच आठवड्यात आबा गुंजवण्याला गेले आणि सुपारी फोडून आले.

पुढं दादानं भोर सोडलं, आबा गेले, आबांची बंडी विरली. वहिनीनं तशाच नव्या शिवल्या, आणि खुंटीवर कायम एक असायचीच. आबांना कमीपणा नको म्हणून दादानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, पोरालासुद्धा. आता मी सांगतेय. दोघं वरती भेटले असतील, रागावले तर रागावू देत.

परवा पासलीला गेले होते. दत्ता किकवीला हायवेलगत टेम्पोंना स्प्रेनं रंग मारतो. कामावरून थेट मोटारसायकलनं आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "आत्या, पेट्या इकतो गं. माश्या मला घेत न्हाईत. आप्पांनी लावलेलं, मला लई जीवावर येतंय. पण जवळ गेलो की उठत्यात. त्यांना आप्पाच पायजेत." बोलता बोलता जवळ सरकला. रंगाच्या थिनरचा वास... तोच! केळीचा घड पिकल्यासारखा. क्षणभर वाटलं, दादाच येऊन बसलाय शेजारी. मी उठले. खुंटीवरची बंडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "आधी आंघोळ कर, ही बंडी घाल, मग जा पेट्यांकडं."

मी ओसरीवरूनच बघत होते. दत्तानं पेटीचं झाकण उचललं आणि तसाच उभा राहिला. मग हळूच मनगट वर करून मला दाखवलं. त्यावर माश्या चालत होत्या. परत आला तेव्हा दोघांचेही डोळे भरलेले होते. त्यानं बंडी काढली, झटकली, पुन्हा खुंटीला अडकवली.

"आत्या, ही हितंच राहू दे," म्हणाला. "पुढच्या रविवारी लागंल."