अप्पांची वीत

“सर, पोरीला गिअर कशाला पायजेत? गिअर त्याला, ज्याच्या पायात दम न्हाई.”

हे अप्पा माझ्या बाबांना सांगत होते, आणि ती पोरगी, म्हणजे मी, दोघांच्या मधे अप्पांच्या सायकल दुकानाच्या काउंटरला टेकून उभी होते. अप्पा बाबांचे बालमित्र. बाबा शिक्षक झाले त्या दिवसापासून मात्र त्यांना ‘सर’ म्हणतात. उदगीरच्या बाजारात अप्पांइतकी सायकल समजणारा माणूस नाही, आणि सायकलवर बसणाऱ्याचं अप्पांइतकं न ऐकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही.

मी तेव्हा नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकत होते. उन्हाळ्याची सुट्टी संपली की एसटीने न जाता सायकलने जायचं, जळकोटवरून, शंभरेक किलोमीटर, एकटीने, असं मी ठरवलं होतं. आई “जाशील, जाशील” म्हणाली होती, म्हणजे जाणार नाहीस. पुण्याच्या मावसभावाचा शौक फिटल्यावर त्याच्या रेसच्या सायकलची नुसती फ्रेम माझ्याकडे आली होती; बाकी सगळं निवडायचं होतं. मी महिनाभर वाचून दोन पानांची यादी केली होती. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांची कुठली कॅसेट, पेडलचा कुठला क्रँक, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठले शिफ्टर. ह्या सायकलीत ब्रेकची लिव्हर आणि गिअर बदलायचा खटका एकाच मुठीत असतो. ती मूठ हाताला बसली नाही तर बाकीचं कितीही भारी असो, फुकट. यादी इंग्रजीत होती. अप्पांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि तिच्यावर ग्रीसचा डबा ठेवला. तो डबा शेवटपर्यंत तिथेच होता.

त्या वर्षी दुष्काळ असा की लातूरला पाणी रेल्वेने येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने. पंक्चर शोधायचा टब अप्पांनी शिमग्यालाच पालथा घातला. “माणसाला प्यायला न्हाई अन् ट्यूबला आंघोळ?” फुगवलेली ट्यूब ते डोळे मिटून पापणीजवळून फिरवत आणि बारीक हवा लागेल तिथे बोट ठेवत. एकदाही चुकलेले मी पाहिले नाहीत. हे कौतुकाचं आहे, कबूल. पण ह्याच माणसाने माझी फ्रेम पाहून पहिला प्रश्न केला, “क्यारिअर कुठाय? घागर कुठं अडकवायची?” मी बाटली लावायची जागा दाखवली. अप्पांनी शेजारच्या किराणावाल्याला हाक मारून बोलावलं, त्यालाही ती जागा दाखवली, आणि दोघं बराच वेळ हसले. मला काही हसू आलं नाही.

पार्ट पारखायची त्यांची रीत अशी: वजन तळहातावर, बेअरिंग कानाशी, आणि माप वितीने. टेप दुकानात होता, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. सीट तीन वीत चार बोटं, हँडल अमुक वीत, सगळं त्या एका हाताने. “ह्या वितीनं तीस वर्षं तालुका मोजलाय, माय.” अप्पांचा पंजा ज्वारीच्या भाकरीएवढा. तालुक्यात माझ्या हाताचंही कोणी राहतं, हे त्यांना कधी सुचलं नसावं. माझ्या यादीत लहान हाताचे शिफ्टर होते. अप्पांनी माझ्यासमोर पुण्याच्या दुकानाला फोन लावून लांब लिव्हरचे मागवले. “लिव्हर कशी, धरल्यासारखी वाटली पायजे. हाव का न्हाई?” मला ऐन वेळी मराठीही सुचत नाही आणि इंग्रजीही. मी “हो” म्हणाले. संताप घरी पोचल्यावर आला.

पण खरा संताप पुढेच आहे. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार, होणार, अशी हवा होती. लोक वाट पाहत होते. अप्पांनी पाहिली नाही. त्यांनी पाटीवर ‘जि. उदगीर’ रंगवून घेतलं, पावतीवर तेच छापलं आणि पार्सलच्या पत्त्यातही तेच सांगायला लागले. पिन कोड तर ते देतच नसत. “जिल्हा झाला की पिन बदलंल. फिजूल जुना कशाला द्यायचा?” माझे शिफ्टर पुण्याहून निघाले, कुठेतरी हिंडले आणि ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत गेले. अप्पांनी पुन्हा तोच पत्ता सांगितला, फक्त ह्या वेळी ओरडून. पार्सल पुन्हा परत. सुट्टीचे बारा दिवस उरले. अप्पा कुरिअरवाल्यावर भडकले, लातूरवर भडकले, मग शिव्यांसाठी कानडीत शिरले. अन्याय माझ्यावर होतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. तो उदगीरवर होत होता. “सर, जिल्ह्याचं म्हणलं की हसायलेत लोकं. आमच्या बापानं एका सहीपायी लातूरला किती चकरा मारल्या, ठावं हाय ना तुमाला? सही झाली तवा बाप न्हवता.”

तिसऱ्या वेळी मी गुपचूप पुण्याच्या दुकानाला मेल केला. जिल्हा लातूर, खाली पिन कोड. त्याच मेलमध्ये लहान शिफ्टर मागता आले असते. ती ओळ मी लिहिलीही, आणि खोडली. पत्ता बदलला, अप्पांची निवड बदलायचं धाडस झालं नाही. ह्या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त राग मला आजही माझा येतो.

चार दिवसांत पार्सल आलं. अप्पांनी लेबल वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. “कोण लिवलं ह्ये?” मी ग्रीसच्या डब्याकडे पाहिलं. त्यांनी ते लेबल ब्लेडने अख्खं कापून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मान खाली घालून कामाला लागले. संध्याकाळपर्यंत सायकल उभी राहिली. इतकी सुरेख जोडणी मी नंतर पुण्यातही पाहिली नाही. एकेक गिअर घड्याळासारखा टक्‌ करून पडत होता.

आता अप्पांना नीट दिसत नाही. ट्यूब पापणीजवळ धरली की छिद्र मात्र अजून सापडतं. उदगीर अजून तालुकाच आहे. पाटीवरचं ‘जि. उदगीर’ उन्हाने पुसट झालंय, आणि परवा कोणीतरी “ते बदलून टाका आता” म्हणालं तेव्हा मलाच राग आला.

सायकल उभी राहिली त्या संध्याकाळी मात्र सगळा बाजार बघायला जमला होता. अप्पांनी मागून सीट धरली आणि मी बसले. “दाब माय ब्रेक, बघू.” मी बोटं ताणली. लिव्हर एका पेराने लांब राहिली. पुन्हा ताणली. सायकल हळूच पुढे सरकली. “इंग्लिश शाळेत ब्रेक शिकवत न्हाईत काय?” किराणावाला म्हणाला आणि लोक हसले. अप्पा हसले नाहीत. वाकून, माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, “बरोबर झालं ना, माय?” नेहमीचं “हो” ओठांवर आलंच होतं.

“नाही, अप्पा,” मी म्हणाले, “माझी बोटं पोचत नाहीत. लहान लिव्हर मागवायला लागेल. पत्त्यात जिल्हा तुम्ही म्हणाल तो लिहीन, पण पिन कोड मी टाकणार.”