नवमीचा निवद

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मेंढरं राखली. त्यामुळं लिहिताना चुकलं तर चुकलं, मी ते खोडत बसत नाही. देवापुढं मात्र मला असं सोडून देता येत नव्हतं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणच्या कोरड्या बाजूला. बायकोची किडनी गेली तेव्हा तिला सांगलीला नेली, लेक तिथं दिलीय म्हणून. दवाखान्यात एका सकाळी मी तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि मग खाली बघितलं, तर पायात चपला. तशाच चपलेनं देवाचा भंडारा लावलेला. त्यानंतर ती घरी आलीच नाही. डॉक्टरनं रोगाचं सगळं समजावून सांगितलं, मी मान हलवली, आणि डोक्यात राहिल्या त्या चपला.

ती होती तोवर देव्हारा तिच्याकडं. ती गेल्यावर तो माझ्याकडं आला आणि माझं खूळ वाढलं. देवाचे टाक धुवून मांडले की वाटायचं, पुसायचं फडकं जमिनीला लागलं असणार. परत धुवायचे. दिवा लावला की वाटायचं, वात उलटी वळली. सकाळची पूजा उन्हं कलली तरी उरकायची नाही, आणि पूजेआधी मी अन्नाला शिवत नव्हतो. साखरेच्या दुखण्याची गोळी उपाशी पोटी घ्यायचो. एकदा तिथंच देव्हाऱ्यापुढं आडवा झालो. लेक फोनवर ओरडली, "नाना, देव काय पोलीस हाय व्हय, सारखा तुमच्या मागं लागायला?" मी फोन ठेवला. पोलीस परवडला. त्याला निदान काय चुकलं ते सांगावं लागतं.

मग पितरांच्या पंधरवड्यात अहेव नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची ही नवमी. तिच्या नावानं स्वयंपाक करायचा, देवाला निवद दाखवायचा आणि एका सवाशिणीला पोटभर जेवू घालायचं. ती जेवून तृप्त झाली की गेलेलीला पोचलं म्हणायचं. मला दुसरं काही नको होतं. एवढं तरी तिला धड पोचावं. हेही माझ्या हातनं नासलं, तर तिथं ती उपाशी, आणि माझ्यामुळं.

लेकीच्या सासरी तिच्या सासूची नवमी, ती येऊ शकली नाही. गावातल्या बायका मदतीला येतो म्हणाल्या. कुणाचं सोवळं कसं असतंय कुणाला ठाऊक, म्हणून मी एकीलाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. सवाशीण म्हणून शेजारची सून सांगितली होती. तिचा नवरा मिलिटरीत. आमच्या घरात तिचं रोजचं येणंजाणं, सणासुदीला बायकोच्या हाताखाली असायची.

ती वेळेवर आली आणि उंबऱ्यापाशी बसून राहिली. आमटी उकळताना मला शिंक आली. ती सगळी आमटी म्हशीच्या घमेल्यात ओतली. मग खीर ढवळताना बाही आत बुडाली असं वाटलं. खीरही ओतली. परत चूल, परत दूध.

"नाना, जेवाय बोलावलंय का उपास धराय?"

"बस जरा. आमटी परत टाकलीया."

"पयलीला काय झालं?"

"शिंकलो."

"आमटीत?"

"न्हाई, तोंड फिरवलं हुतं."

"मग? म्हस ढेकर द्याय लागली आन् मी हितं वाळतीया."

शेवटी तिचं पान वाढलं. निवदाचं ताट देव्हाऱ्यापुढं ठेवलं, हातात पाणी घेतलं, आणि मागं वडा मोडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर ही तोंड हलवतेय.

"आगं, देवाचं व्हायचं हाय आजून!"

"डोळ्यापुढं आंधारी याय लागली, नाना. सकाळधरनं निस्त्या च्यावर हाय मी." असं म्हणून तिनं आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात मीठच न्हाई."

"निवदाचं चाखत न्हाईत. मला कसं कळणार?"

"काकी तर चाखायची की."

"कोण?"

"कोण म्हंजी? तुमची बायकू. दर सणाला. तळहातावर आमटी घ्यायची, चाटायची, हात धुवून मग निवद वाढायची. मी एकदा इचारलं तर म्हणली, घरच्या माणसाला कुणी आळणी वाढतंय का, मग ह्या देवाला कसं वाढू? आन् म्हणली, ह्यास्नी सांगू नगस, सगळं सांडून टाकतील."

हातातलं पाणी बोटांतनं गळून गेलं. मन कुठं जायचं तिथंच गेलं आणि मी बोलून बसलो, "मग त्येच भोवलं तिला."

पोरगी पानावरनं उठायलाच आली. "आसं बोलू नगा! लगीन हून आली तवापास्नं चाखतीया, तिनंच सांगितलं हुतं. तुमची लेक झाली, तवा न्हाई भोवलं? एवढी वर्सं त्यो गप जेवला आन् म्हातारपणी त्याला राग आला व्हय?"

मी देव्हाऱ्याकडं बघत बसलो. तिनं चोरून चाखलं ते माझ्या चोरून. देवाच्या तोंडासमोर, चुलीपाशी, खुशाल हात चाटत होती. त्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती माझी. आणि आता तिथं तिचं पोट भरायचं का नाही, ते माझ्या शिंकेवर ठरणार असं मी धरून बसलो होतो. जिनं इतकी वर्षं त्याला मीठ बघून जेवू घातलं, तिला तो उपाशी ठेवील?

उठून आमटीत मीठ टाकलं. ढवळलं. थेंबभर तळहातावर घेतली. मोठं पाप करतोय असंच वाटत होतं. चाटली. अजून चिमूटभर लागत होतं, ते टाकलं. हात धुतला, एकदाच, आणि निवदाच्या वाटीत तीच आमटी वाढली. ताटाभोवती पाणी फिरवताना आतून कुणीतरी म्हणतच होतं, सगळं नवं कर, सगळं नवं कर. मी देवाला म्हणालो, "हे असं हाय. तिला दे." आणि उठलो.

तसं आतलं बोलणं आजही थांबलेलं नाही. टाक पुसताना हात अडतो. चपलांचं तर रोज येतं. आलं की मी देवाला सांगतो, तू बघितल्यास त्या, आता तुझं तू बघ. कधी त्यावर गप बसायला जमतं, कधी नाही जमत. पण गोळी घेतो ती जेवल्यावर.

त्या नवमीला, निवद दाखवून झाल्यावर, शेजारची सून म्हणाली, "नाना, खीर वाढा."

वाढली.

"खालनं लागलीया."

"लागूंदे. गप खा," म्हणालो, आणि माझं पान घेऊन तिच्यासमोर बसलो.