एकाच नावाच्या दोन चौकटी

माझी धाकटी जाऊ गंधाली आज सकाळपासून एका जागी बसेना. जप माझा चालला होता, पण लक्ष सगळं तिच्याकडे. देवा, सांभाळून घे.

ती अंधेरीच्या एका कंपनीसाठी वेबसाइटची पानं बनवते. लेक दिशा दीड वर्षाची झाल्यावर पुन्हा कामाला लागली, पण नोकरी अजून कच्ची. आज चार वाजता घरूनच कॉलवर कंपनीच्या वसुधा मॅडमना पान दाखवायचं, पसंत पडलं तरच नोकरी पक्की. आईंना, म्हणजे सासूबाईंना, ती नोकरी खुपते. "पोरीक आवस नको काय?" पोरीला आई हवी, हे रोजचंच.

पान एका दवाखान्याचं. पेशंटचा मोबाइल नंबर चुकला की कर्सरने आपणहून त्या चौकटीत जायचं. जात होता. जेवणानंतर तिने नवरा-बायको असे दोन पेशंट एकाच पानात भरून पाहिले. चूक बायकोच्या नंबरात, कर्सर नवऱ्याच्या चौकटीत. परत केलं, परत तेच.

"वाट लागली, वहिनी."

दोन्ही चौकटींचं नाव एकच, आणि हिने घाईत अख्ख्या पानात नावाने शोध घेतलेला. पहिली सापडली की शोध तिथेच थांबतो. नावाने असं अख्खं पान धुंडाळायचं नाही, हे मॅडमनी बजावलेलं. मी म्हटलं, म्हणजे आईंची 'सूनबाय'. हाक तुला असली तरी ओ मीच देते, ओट्याशी असते म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, प्रत्येक चौकटीला तिचा वेगळा रेफ द्यावा लागेल.

मला रेफ म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा रफार ठाऊक. तिचा रेफ म्हणजे त्याच चौकटीला बांधलेली दोरी. नावाने शोधायचं नाही, दोरी ओढायची. तसा रफारही ज्याच्या डोक्यावर, त्याचाच.

"एकच पेशंट दाखव ना. कोण बघतंय?"

"आणि म्हातारं जोडपं आलं की, वहिनी?"

ती टाइप करत राहिली. दिशा रडू लागली. आईंनी तिला उचलून गॅलरीत नेलं. चार वाजले तेव्हा गंधालीने जेमतेम एकदा तपासून पाहिलं होतं.

मॅडमनी स्वतःच दुसरा पेशंट जोडला, मुद्दाम नंबर चुकवला. कर्सर दुसऱ्या चौकटीत गेला. तिसरा जोडला. तिसऱ्यात गेला. सोमवारपासून ऑफिसला ये, म्हणाल्या.

आई दारात उभ्या होत्या. "म्हणजे आता रोज जातलंस?"

"हो, आई."

आईंनी दिशाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. गंधालीने हात पुढे केले, पण पोर आजीच्या मानेला बिलगून राहिली. गंधाली तशीच हात पुढे करून उभी.