आखणी राहिलेली माणसं

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यावरची पट्टी सोडली आणि विचारलं, "काय दिसतंय, आजी?" मी म्हटलं, "तुमचा डगला." खरं सांगते, इतकं पांढरं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग एक गंमत कळली. नवा डोळा झाकून जुन्याने पाहिलं की तोच डगला ताकात हळद पडल्यासारखा, आणि जुना झाकला की लख्ख. एकाच बाईच्या दोन डोळ्यांत दोन जगं! रोह्याच्या त्या दवाखान्यात मी हात एकदा या डोळ्यावर, एकदा त्या डोळ्यावर, असा खेळ करत बसले. लेक म्हणाली, "आये, पुरे गो, लोक बघतायत."

तुम्ही म्हणाल, म्हातारीला डोळ्याचं एवढं काय. तर आम्ही पेणजवळच्या जोह्याचे, गणपतीवाले. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंगवणं, सगळं घरातच चालतं, आणि मी आखणी करते. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. बाकीचं काम उरकलं की शेवटी मूर्ती माझ्यापुढे येते. डोळा चुकला तर वर सोन्याचा मुकुट चढवा, उपयोग नाही. गेल्या हंगामात मला बुबुळाची रेघ दुहेरी दिसायला लागली, म्हणून हे ऑपरेशन. पण नव्या डोळ्याशी जुना हात जुळेल का, हे कुणी सांगेना. परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्यातच निघतात. ते कारखान्यात बिनडोळ्यांचे ओळीने उभे, आणि सून फोनवर विचारायची, "आई, दुसऱ्या आखणीवाल्याला बोलवू का?" मी म्हणायची, "थांब गो जरा." एकदा दुसरं कुणी आखणीच्या पाटावर बसलं की माझा पाट गेला, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

तर चष्मा मिळेपर्यंत लेकीकडे, रोह्याजवळ वरसेला मुक्काम. जावई कंपनीत शिफ्टला, लेक घरकामात, आणि नात दहावीची परीक्षा देऊन मोकळी. माझ्या डोळ्यात थेंब घालायचं काम तिचं.

एका दुपारी ती म्हणाली, "आजी, नवीन सीझन आलाय, तू पण बघ."

"कसला? आंब्याचा?"

"ॲनिमेचा गं!"

जपानी कार्टून, पण कार्टून म्हटलं की तिला राग येतो. तिकडे वर्षातून चारदा नव्या मालिका एकदम बाजारात येतात, आणि या पोरी सगळ्यांचा पहिला पहिला भाग बघून ठरवतात, कुठली धरायची नि कुठली सोडायची. मी म्हटलं, म्हणजे त्यांनाही हंगाम असतो तर! ती म्हणाली, "मग! पहिला भाग फुसका निघाला तर माल पडून राहतो." शेवटी गणपतीवाल्यांच्या लेकीची लेक ती.

पहिली मालिका सगळी केसांचीच. तलवारीवाली पोरं, प्रत्येकाचे केस वेगळ्या रंगाचे, आणि लढताना असे उडतात की वाऱ्याला पेंढा सुटावा. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, मला दोन्ही येत नाही. नात वाचून मराठीत सांगायची. त्यामुळे त्यातला राक्षसांचा राजा माझ्यासाठी रोह्याच्या पोरीसारखाच बोलला, "ए, चल निघ इथून, नायतर बघ हां!" मी हसले तशी नात ओरडली, "आजी, हलू नको, थेंब बाहेर येतायत!" ही मालिका आम्ही सोडली.

दुसरीत एक स्वयंपाकीण होती. ती भाताच्या मडक्यावरचं झाकण काढते आणि वाफ वर येते. वाफेच्या मागे तिचा चेहरा आधी पुसट, मग थोडा साफ, मग अगदी शीत न् शीत मोजावं इतकं साफ. मी उठून बसले. पट्टी सुटताना मला जसं दिसलं होतं, ते तसंच्या तसं त्या लोकांनी काढलं होतं. वाफ काढलीन् कशी? वाफेला रेघ नसते हो. मी जन्मभर रेघेवर पोट भरलं, पण जिला कडच नाही ती वस्तू कुणी हाताने काढेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आणि तिसरी! तिसरीचा पहिला भाग लागला नि मी हातातला चहा तसाच धरून बसले. एक मुलगी खाडीवर तरीची होडी चालवते, या काठाची माणसं त्या काठाला नेऊन सोडते. बस, एवढीच गोष्ट. पण ती खाडी! ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला, आणि त्यावर ऊन असं पसरलेलं की वाटावं कुणी ओला पत्रा टाकलाय. मग भरती येते, ती लाटेने नाही, चोरासारखी, चिखलातल्या बारीक बारीक वाटांनी. खेकड्याच्या बिळात पाणी शिरतं आणि एक बुडबुडा वर येतो. माझं माहेर खाडीकाठचं. तो बुडबुडा मी लहानपणी पालथी पडून बघत बसायची. तो कुठल्या कोण माणसाने, समुद्रापलीकडे बसून, काढून मला वरसेला पाठवला. माझ्या अंगावर काटा आला. मी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. नव्या डोळ्याने पाहिलेल्या पाण्यात निळा होता, हिरवा होता, वांग्याच्या सालीचा जांभळासुद्धा होता. जुन्याने पाहिलं की सगळंच काढ्यासारखं. म्हटलं, देवा, इतके दिवस हे पाणी असंच होतं का?

त्या मुलीचे डोळे मोठाले, आतमध्ये उजेडाचे दोन ठिपके. ती रडायच्या आधी ते ठिपके थरथरतात, आसू नंतर येतं. मी नातीला पुन्हा पुन्हा मागे घ्यायला लावलं. आमच्या गणपतीचा डोळा स्थिर असतो, कुठूनही बघा, तो आपल्याकडेच बघतो. ही मुलगी आमच्याकडे मुळीच बघत नव्हती, आणि तरी तिच्या मनातलं आम्हाला कळत होतं.

मग होडी काठाला लागली. धक्क्यावर बाजाराची गर्दी. आणि मी एकदम ओरडले, "अगो, थांबव, थांबव! ह्यांची आखणी राहिली!"

नात दचकली. "कोणाची?"

"ती मागची माणसं बघ. टोपलीवाली, तो छत्रीवाला. डोळेच नाहीत काढलेले! असाच माल पाठवला गो ह्यांनी?"

नात हसून हसून लोळायला लागली. आतून लेक आली, तिला कळेना काय झालं. "अगं आजी, ती लांबची माणसं. त्यांना डोळे काढत नाहीत. आपण हिच्याकडे बघायचं ना!"

मी काही हसले नाही. मला त्या बिनडोळ्यांच्या गर्दीकडे बघून जोह्याची ओळ दिसत होती. पुढच्या भागातही मी मागच्याच माणसांकडे बघत राहिले. तेव्हा छत्रीवाला होडीत चढून जवळ आला, आणि जवळ आल्याबरोबर त्याला डोळे होते. म्हातारे, दमलेले, भुवईखाली एक सुरकुती. मी नातीचा हात घट्ट धरला. "आले गो," म्हटलं. ती या वेळी हसली नाही.

भाग संपला की नावं वर सरकायची. नात पुढे ढकलायला गेली तर मी अडवलं, "राहू दे. कारखान्यातली माणसं जातायत." किती ती नावं! नातीने सांगितलं, हलणाऱ्या हाताचं पहिलं नि शेवटचं चित्र एकजण काढतो, मधली चित्रं दुसरे भरतात, रंग तिसरे. मी ऐकत राहिले. साचेवाला, घासणाऱ्या बाया, रंगारी, सगळे तिथेही होते. इतक्या हातांमधून गेलेला तो बुडबुडा कुणाच्याच हाताचा डाग न लागता फुटला होता.

चष्मा मिळाला. लेक म्हणाली, "आये, आणखी थोडं राहा." मी पेणची एसटी धरली. वडखळपर्यंत सगळ्या पाट्यांचे रंग बघत गेले.

कारखान्यात सुनेने पाट मांडून ठेवलेला. आधी फुटक्या मूर्तीवर हात लावून पाहिला. ब्रश टेकला असं वाटलं तेव्हा तो गव्हाच्या दाण्याएवढा लांबच होता. सून म्हणाली, "उद्या करा, आई." मी म्हटलं, "उद्याही हाच डोळा असणार." करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली, तिच्या आधाराने अंतर पुन्हा शिकले. कान नाही, पाठ नाही, त्या फुटक्या मूर्तीवर जिथे जागा मिळेल तिथे डोळे काढले. पन्नास वर्षांचा हात पहिलीतल्या पोरासारखा गिरवत होता.

मग खरी मूर्ती पुढे घेतली. श्वास धरला, वरची पापणी एका दमात ओढली, खालची ओढली, बुबुळ भरलं, पांढरा ठिपका ठेवला. आणि मागे सरले.

आमच्याकडे एक रीत आहे. आखणी होईपर्यंत मूर्तीला नग म्हणतात. नग उचल, नग सरकव, कुणाला काही वाटत नाही. डोळे नीट उतरले की मग तोंडातून नग निघत नाही. ते कुणी ठरवून बोलत नाही, जवळ उभं असलेल्याच्या तोंडून आपसूक निघतं. सून वाकून बघत राहिली. या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने पदराला हात पुसले आणि बायांना हाक मारली.

"बाप्पाला सावकाश उचला गो, दोघींनी. आणि तो पुढचा नग आईंसमोर ठेवा."