डबा रिकामा परत करायचा नाही

कोल्हापुरात आजवर जेवढे आंतरराष्ट्रीय करार झाले असतील, त्यांतले निम्मे माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाले, आणि उरलेले निम्मे माझ्या इंग्रजीमुळे होता होता राहिले. दोन्हीचं श्रेय तुमच्या आजोबांच्या मित्राला. तुम्हाला ते ‘मोठ्यानं बोलणारे आजोबा’ म्हणूनच आठवत असतील. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा त्यांनी दारातून नुसतं “पावणं आलं व्हय!” म्हटलं आणि धाकटी पलंगाखाली जाऊन लपली, तेच हे सर.

सर मूळचे कोडोलीचे. जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर कॉलेजनं त्यांना सोडलं नाही की त्यांनी कॉलेजला, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. सगळं जग त्यांना तोंडपाठ, आणि पासपोर्ट कोरा. तो कोरा पासपोर्ट मात्र कायम शर्टाच्या खिशात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, “वैनी, बोलावणं कवा यील सांगता येतंय व्हय?” उच्चशिक्षणाचं नवं धोरण आलं, परदेशी विद्यापीठांशी जोडून घ्या, आपली मुलं पाठवा, त्यांची आणा, असं वरून सांगणं आलं, तेव्हा कॉलेजनं जिन्याखालच्या खोलीतलं व्यायामशाळेचं सामान बाहेर काढलं आणि दारावर ‘आंतरराष्ट्रीय कक्ष’ अशी पाटी ठोकली. सर त्या कक्षाचे प्रमुख आणि शिपाईही. आत एक टेबल, एक पृथ्वीगोल आणि कुणालाच न हललेला एक मुद्गल.

मी या प्रकरणात सापडले ती माझ्या इंग्रजीतल्या एम.ए.मुळे आणि माझ्या शिस्तीच्या आजारामुळे. माझ्या घरात मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी असते, नाव आणि तारखेसकट. अशा बाईकडे कुणी कच्चा मसुदा आणावा! पहिल्या करारात सरांनी साधंच लिहिलं होतं: आमची मुलं जातील आणि येतील, तुमची मुलं येतील आणि जातील. मी ते खोडलं आणि त्या जागी परस्परसहकार्याच्या तत्त्वावर पाच ओळींचं, एकही चूक नसलेलं इंग्रजी वाक्य बसवलं. सरांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं.

“भारी हाय. पण वैनी, ह्यात पोरगं माघारी येतंय कुठं?”

“ते गृहीत आहे, सर.”

“गृहीत धरल्यालं माघारी येत न्हाय.”

मी तेव्हा लाल पेन शोधत होते, म्हणून मला ते नीट ऐकू आलं नाही.

एस्टोनिया नावाच्या लहानशा देशातल्या विद्यापीठानं त्या वाक्याखाली सही केली आणि चंदगडची एक मुलगी सहा महिन्यांसाठी तिकडे निघाली. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या फडताळातून स्टीलच्या डब्यांच्या जोडीतला एक डबा उचलला. झाकणावर तुमच्या आजोबांचं नाव कोरलेला. त्यात तिच्याच घरचे काजू भरले आणि तिला म्हणाले, “तिकडच्या बाईंना दे. म्हणावं, डबा कोल्हापूरचा हाय.” मी म्हटलं, “सर, माझी जोडी मोडतेय.” “मोडू दे की. शेजाऱ्याचा डबा कुणी रिकामा परत करतंय व्हय?”

मुलगी शिकून परत आली, तर इथला परीक्षा विभाग म्हणाला, तिकडचे विषय इकडे धरता येणार नाहीत, पुन्हा पेपर द्या. सरांनी त्या विभागाच्या दारात खुर्ची टाकली. “तिकडं पास झाल्याली पोरगी इकडं यीस्तवर नापास कशी हुती? इमानात इसरली व्हय?” एवढंच ते विचारत, पण आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, आणि शेवटच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं. वर एस्टोनियाचा भूगोलही समजावून सांगत, फुकट. अखेर विभागानं गुण धरले. मुलीवरच्या मायेनं की कानांवरच्या, देव जाणे.

मुलगी आली, पण तिकडून कुणी येईना. एक सत्र गेलं, दुसरं गेलं. मग कॉलेजचे अध्यक्ष म्हणाले, “सर, जाणारी पोरं दिसत्यात, येणारं एक बी दिसंना. यंदा कुणी आलं न्हाय तर त्या मुद्गलाच्या सोबतीला व्यायामशाळेचं सामान परत आत ठिवतो.” त्यानंतर सर हळू बोलायला लागले. इतकं हळू, की शेजारीपाजारी तब्येतीची चौकशी करून गेले.

शेवटचा उपाय म्हणून तिकडच्या प्राध्यापिका बाईंशी संगणकावर बोलणं ठरलं, अर्थात माझ्या टेबलावरून. मी इस्त्रीची साडी नेसून भाषण पाठ केलं होतं. परस्परसहकार्याचं तत्त्व मी असं काही मांडलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. बाई सभ्यपणे मान हलवत होत्या. “विचार करू,” असं म्हणून त्या निरोप घेणार, एवढ्यात सरांना बाईंच्या टेबलावर पेनं खोचून ठेवलेला माझा डबा दिसला. मला खुर्चीसकट बाजूला सरकवून ते ओरडले, “मॅडम! दॅट डबा! इन कोल्हापूर, डबा नॉट गो बॅक एम्प्टी! यू ईट, यू वॉश, यू फिल, यू सेंड!”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई डबा हातात घेऊन हसत होत्या आणि विचारत होत्या, कशानं भरू? “वन स्टुडंट!” सर म्हणाले.

पावसाळ्याच्या अखेरीस सरांचा फोन आला. मागे हलगीची तालीम चाललेली. “वैनी, आमची एस्टोनियाची उद्या अकराला!” मला ऐकू आलं, “आमची एस्टीनं यायची उद्या अकराला.” सात समुद्र ओलांडून येणाऱ्या मुलीला एस्टीनं आणतात म्हणजे काय, म्हणून मी रात्रभर सरांवर चिडले, आणि सकाळी निर्दोष इंग्रजीत लिहिलेली स्वागताची पाटी घेऊन वेळेआधी स्टँडवर उभी राहिले. तिकडे सर फेटा बांधून, हलगीवाले घेऊन विमानतळावर.

हवा खराब म्हणून विमान रद्द झालं होतं. मला ते माहीत नव्हतं. मी सगळ्या गाड्यांना पाटी दाखवत उभी. दुपारी पुण्याची गाडी लागली. सगळे उतरले, आणि शेवटी पाठीवर सॅक घेतलेली, पिंगट केसांची एक उंच मुलगी गोंधळून पायरीवर थांबली. तिच्या दोन्ही हातांत माझा डबा होता. झाकणावर तुमच्या आजोबांचं नाव. पाटी वर करायचं राहूनच गेलं. एवढी इंग्रजी शिकलेली मी, आणि तोंडातून निघालं काय, तर “पावणं आलं व्हय!” तेही असं, की दोन फलाटांवरची माणसं वळून बघायला लागली.

सर हलगीसकट स्टँडवर आले. “एस्टीनं आली? आवो, मी एस्टोनिया म्हनलतो!”

“माझ्या कानांनी केलेला हा पहिला यशस्वी करार आहे,” मी म्हटलं. “आता वाजवा.”

डब्यात विटेसारखा घट्ट, काळा, आंबूस पाव होता. सरांनी तो तांबड्या रश्श्यात बुडवून खाल्ला आणि पुन्हा पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “भारी!” मुलीचं नाव मारी. ती सत्रभर वरच्या, तुमच्या बाबांच्या खोलीत राहिली. गल्लीनं तिची मारीआक्का केली. माझं घरातल्या शिस्तीचं छापील वेळापत्रक तिनं शब्दकोश लावून वाचलं आणि त्यातला एकच नियम पाळला: जेवायला हाक मारली की यायचं. जिन्याखालची खोली सरांकडेच राहिली. मुद्गलही आहे, आता तो दार उघडं धरायला उपयोगी पडतो.

फडताळात सध्या जोडीतल्या दोन्ही डब्यांच्या जागा रिकाम्या आहेत. एकाची मला काळजी नाही. तो मारीबरोबर लसणीची चटणी घेऊन गेलाय, पुढच्या पाहुण्याबरोबर येईल. दुसरा तुमच्या आईनं बेसनाचे लाडू भरून तुमच्या घरी नेला होता. मागच्या खेपेला तुम्ही तो आणायला विसरलात. त्याला किती वर्षं झाली, हे मिठावरही तारीख घालणारी मी मोजत नाही.

परवा सर फडताळासमोर थांबले आणि कधी नव्हे ते हळू विचारलं, “वैनी, आणि त्यो दुसरा?”

“येईल.”

“लिवून घेतलंय न्हवं?”

“गृहीत आहे,” मी म्हटलं.

नियम तुम्हाला आता माहीत झाला आहे, आणि नियम मोडलेला मला खपत नाही हेही. पण डबा रिकामा आणलात तरी चालेल. सरांना मी सांगणार नाही.