वरातगाडीचा कापलेला टप

महादेव,

समोर बसून बोलायला लागले की तू चहा सांगायला उठतोस आणि परत येत नाहीस, म्हणून लिहिते आहे. मधेच उठू नकोस.

कामठी रोडवरच्या शेडमध्ये तू जन्मभर ट्रकच्या चेसिस लांब-आखूड करत आलास. बॉडीवाल्याने सांगायचे, इथे दोन फूट वाढव, तिथला आडवा पट्टा मागे घे. तू खडूने रेघ ओढायचास आणि कापायचास. झेपेल का, हे कधी कोणाला विचारले नाहीस. ट्रकला ते चालले, कारण ट्रकखाली दोन जाड लोखंडी तुळया असतात आणि तुझ्यासारख्यांच्या चुका त्या मुकाट वाहून नेतात. आता कंपन्या बॉडीसकटच ट्रक पाठवतात. तुझ्या शेडमध्ये दुपारची कुत्री झोपतात. गणपतरावांचे काम आले तेव्हा मला म्हणालास, "ताई, हे जमलं तं शेड वाचली, नाही तं कुलूप." साऱ्या प्रकरणात तेवढे एकच खरे बोललास.

गणपतरावांचा काटोल रोडला लग्नाचा लॉन. नवरा-नवरीच्या वरातीसाठी त्यांनी एक जुनी, मोठ्या थाटाची जर्मन गाडी घेतली. बॉडीचे काम दिले कन्हानच्या मनोहररावांना. या गृहस्थांनी आजवर ट्रक आणि मिरवणुकीचे रथ सोडून काही बांधलेले नाही. त्यांनी तुला फर्मावले, मधे चार फूट वाढव, टप काढ, मला सिंहासन बसवायचे आहे. गाडीखाली वाकून पाहण्याआधीच तू "होऊन जाईल" म्हणून मोकळा.

मग वाकलास. खाली तुळया नव्हत्याच. असल्या गाडीला वेगळी चेसिस नसते. तळ, खांब आणि टप मिळून एकच पेटी, आणि ती पेटीच वजन धरते. हे तुला शोरूमच्या मेकॅनिकने फोनवर सांगितले, माझ्यादेखत, स्पीकर लावून. टप काढायचाच असेल तर आधी तळाला जाड लोखंड भरा, असेही तो म्हणाला. तू फोन ठेवलास आणि मला म्हणालास, "टप म्हणजे टोपी. टोपी काढली तं माणूस मरते का?" लोखंड भरले नाहीस. गाडी मधे कापून चार फूट वाढवलीस, टप कापलास आणि मनोहररावांना मापासाठी हवा म्हणून तो कन्हानला धाडून दिलास.

मनोहररावांनी गाडीवर लोखंडी सिंहासन, फायबरचे दोन मोर आणि एक झुंबर चढवले. चाचणीच्या दिवशी गणपतरावांच्या पत्नी कौशल्याबाई पैठणी नेसून सिंहासनावर बसल्या, शेजारी गणपतराव, पुढे बँड. गाडी लॉनच्या फाटकापर्यंत गेली आणि मधोमध खचली, सैल बाजेसारखी. दारे चौकटीत आवळून बसली, उघडेनात. शेवटी दोन बँडवाल्यांनी बाजा खाली ठेवून बाईंना काखेत धरले आणि दारावरून उचलून उतरवले. आणि तू काय बोललास? "वजन थोडं जास्त झालं, भाऊ."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिले.

"गाडीचं म्हणून राहिले का माह्यं?" त्या म्हणाल्या. तू चाकाकडे पाहत उभा. मला त्या दिवशी तुझी कीवसुद्धा आली नाही.

नंतरची तुझी अक्कल त्याहून थोर. ट्रकच्या स्प्रिंगा आणून खाली ठोकल्यास. खळगा होता तसाच राहिला, गाडी तेवढी उंटासारखी उंच झाली.

गणपतरावांनी तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली. त्यांच्यासारखा भला माणूस तुला भेटायला नको होता. पुन्हा त्याच मेकॅनिकला विचारले, तेही मीच. तो म्हणाला, तळाला लोखंड भरा, टप जोड देऊन परत बसवा, सिंहासन उतरवा. बंद गाडीला गणपतराव तयार होते, कारण कौशल्याबाई उघड्या गाडीचे नाव काढू देत नव्हत्या. राहिले होते फक्त कन्हानहून टप आणणे आणि मनोहररावांना तोंडावर सांगणे की तुमचे सिंहासन निघणार. जन्मभर बॉडीवाल्याला हो म्हणत आलेल्या तुला एवढे एक नाही म्हणवेना.

"तू चाल ताई," म्हणालास. "मी बोललो तं तो अंगावर येते. तुह्यासमोर आवाज नाही काढत."

रविवारी सकाळी मी गुडघ्याला पट्टा बांधून घराच्या फाटकात उभी. तुझा फोन आला, टेम्पो मिळाला नाही. पुढच्या रविवारी कोणाचे तरी बारसे. त्यानंतर तू फोन उचलणेच सोडलेस. तुळशीचे लग्न होऊन गेले. गणपतरावांनी गाडी भंगारवाल्याला दिली, मोरांसकट, आणि शेडचे कुलूप तू स्वतःच्या हाताने लावलेस. मनोहररावांनी त्या टपाखाली कोंबड्या ठेवल्यात म्हणे.

कन्हान काही लांब नाही, महादेव. आपण गेलो नाही.