सीब्रांडच्या अंगठ्याची बुरशी

हिलेगॉम या डच गावातल्या सीब्रांडने सारा जन्म ट्यूलिपचे कंद पिकवण्यात घालवला. लावणीआधी कंदांना बुरशीनाशकाच्या हौदात आंघोळ घालायची, हा त्याच्या घराण्याचा नेम. रविवारची चर्चची प्रार्थना एखादे वेळी बुडाली असेल, कंदांची आंघोळ कधी बुडाली नाही. आणि नेमक्या अशा माणसाच्या पायाच्या अंगठ्याला बुरशी धरली!

नख पिवळं पडून भुसभुशीत झालं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. बुरशी ढिम्म हलेना. शेवटी बायकोने, म्हणजे कोबाने, त्याची उशी माळ्यावर नेऊन टाकली. "हा अंगठा माझ्या पांघरुणात नको. बरा झाला की खाली ये."

शहरातल्या हॉस्पिटलात एक नवा प्रयोग चालला होता. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मलमातून नखात मुरवायचे, मग पाय एका विजेच्या कड्यात ठेवायचा. कड्यातलं चुंबकत्व सारखं दिशा पालटतं, कण तापतात आणि बुरशी जागच्या जागी भाजून निघते.

डॉक्टर एल्स्के म्हणाल्या, "तुमच्या हौदातल्या औषधाचं सख्खं भावंड आम्ही गोळीत देतो. तुमची बुरशी तेच पीत वाढलीय, तिला त्याचं काय कौतुक! म्हणून लोखंड. पण तोवर पायाला दुसरं काही लावायचं नाही."

"म्हणजे मीच पोसली म्हणता?"

"चांगली लाडाने."

सीब्रांडला हे मुळीच पटलं नाही. पण खालच्या पलंगासाठी माणूस पुष्कळ ऐकून घेतो.

आणि खरंच, नख मुळाशी गुलाबी दिसू लागलं. कोबाने चष्मा लावून पाहिलं. "शेवटची तपासणी होऊ दे, मग उशी आण."

तेवढ्यात लावणी आली. हौद भरला. एवढं औषध समोर, आणि त्याचा लाभ फक्त कंदांना? सीब्रांडने लाकडी बूट काढला, मोजा काढला आणि आपली खात्री असावी म्हणून पाय बुडवला.

"कसला हो हा वास?" तपासणीला डॉक्टरांनी विचारलं.

"स्वच्छतेचा," सीब्रांड अभिमानाने म्हणाला.

त्याचं नाव प्रयोगातून गेलं. घरी कोबाने हात जोडले. "कंदांबरोबर आंघोळ केलीस ना? मग झोपही त्यांच्याच शेजारी, शेतात!"

"माळाच बरा," तो पुटपुटला.

रविवारी कॉफी झाल्यावर तो गुपचूप वर गेला. थोड्या वेळाने खालून हाक आली, "सीब्रांड! फ्रिजवरचं नातीचं चित्र खाली पडलंय. त्याचं चुंबक कुठे गेलं रे?"

माळ्यावर सीब्रांड ते पवनचक्कीचं चुंबक अंगठ्यावर घट्ट दाबून, नख तापायची वाट बघत बसला होता.